वेणूचं माप

सुकापूरच्या वेशीवर वेणूची वीस डुकरं होती आणि त्यांचा भरडा मोजायचा एक पत्र्याचा डबा होता. पिलांना ती पोटभर घालायची, पण डुकरं मोठी झाली की प्रत्येकाला सकाळी एक डबा, संध्याकाळी एक, बस्स! त्यापुढचं मांसाला लागत नाही, नुसती चरबी होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात ती आजारी आईपाशी दोन महिने उरणला राहिली. परतली तर डुकरं ढोलासारखी फुगलेली. तिचा नवरा हिराजी रोज हळदीच्या मांडवांतलं उरलंसुरलं आणून त्यांच्यापुढे ओतत होता.

"भुकेनं वरडतात, बघवत नाय," तो म्हणाला. "वजन बघ किती भरलंय!"

दुसऱ्या दिवशी खाटकानं पहिलंच डुकर कापलं. पाठीवर चार बोटं चरबी! "बाई, यात मांस कुठाय?" म्हणत तो बाकीची न घेताच निघून गेला.

वेणूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरात शिरली तर हिराजी ताटावर बसून तिसऱ्यांदा भात वाढून घेत होता. तिनं पातेलं उचललं आणि भरड्याचा तो डबा त्याच्यापुढे आपटला.

"आजपासून तुमालाबी मापानं. वरडा किती वरडायचं ते, मला चांगलं बघवतं!"