रोझाबायच्या मुलाचा अर्ज

बोईसर स्टेशनावर बाबा माझ्या ट्रंकेची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होते. "फिरंगी गेला तिथून, न् तू चाललास," ते म्हणाले. "त्याची जागा भरायची हाय काय?" आई हसली नाही. गोवा मुक्त होऊन दीड वर्ष झालं होतं. तिथल्या नव्या शाळांना मास्तर हवे होते, आणि नवापूरच्या आमच्या मच्छीमार घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. गावाजवळच्या तारापूरच्या किल्ल्यामुळे पोर्तुगीज म्हणजे जुनी भिंत, एवढंच मला ठाऊक.

म्हापशाजवळ रोझाबायच्या घरी मला खोली मिळाली. खोली तिच्या मुलाची, मिंगेलची. तो पोर्तुगीजांच्या मोझांबिकला रेल्वेत कारकून. भारत आणि पोर्तुगाल सरकारांचं बिनसल्यापासून त्याची पत्रं नैरोबीच्या नातेवाइकांकडून फिरून येत. नोकरी टिकवायला त्याने पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलं होतं. घरी यायचं तर परवाना हवा, त्यासाठी आईचा अर्ज हवा. मी तो मोठ्या उत्साहाने इंग्रजीत लिहिला. पदवी कामी आली असं वाटलं. अर्थ सांगताना 'परदेशी नागरिक' या शब्दांशी रोझाबायने मला थांबवलं.

"म्हजो पूत ह्याच घरांत जल्मला, मास्तर. तो परकी कसो?"

"तसं लिहिलं नाही तर त्याला येताच येणार नाही, बाय."

"तुका कितें पडलां? तूं मे म्हयन्याच्या सुटयेंत घरा वतलो." खरंच, मला घरी जायला कुणाचा परवाना लागणार नव्हता.

चार महिने तो कागद मेरीच्या तसबिरीमागे पडून होता. घरी पत्र लिहायला बसलो की त्याचा कोपरा दिसे आणि माझं पत्र अर्धंच राही. मग एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, तिने सही केली.

मिंगेल पंधरा दिवसांसाठी आला. मी खोली रिकामी करू लागलो, तर म्हणाला, "रावूं दी, मास्तर. हांव सोप्यार न्हिदतां." आणि खरोखरच बाहेर सोप्यावर झोपला. जेवताना त्याने आईकडे पाणी मागितलं, पाहुणा मागतो तसं, संकोचून. रोझाबाय ताटावरून उठून आत गेली.

त्या मे महिन्यात मी नवापूरला आलो. बोईसरला तारापूरच्या नव्या अणुवीज केंद्राच्या कामासाठी हिंदी बोलणारे कामगार उतरत होते. घरी आईने काचेचा पेला काढला, पाहुण्यांचा. तो तसाच ठेवून मी रांजणाकडे गेलो, तर तांब्या जागेवर नव्हता.

"बस रे," आई म्हणाली. "तुला नाय सापडायचा."

मी बसलो नाही. सगळ्या फळ्या धुंडाळल्या. तुम्ही जे आपल्या गावातच राहिलात, त्या तुम्हाला याचं हसू येईल. जे माझ्यासारखे गेले, त्यांना बहुधा नाही. घर कुठलं विचारलं तर मी अजून नवापूरच सांगतो. पण दर सुट्टीत ते नव्याने शोधावं लागतं, आणि तेही आई पाहुण्यांचा पेला काढायच्या आत.