जेटमधली तार

चांगला सायलेन्सर काढून त्याजागी मोकळा पाइप लावणाऱ्या माणसाला नेमकं काय हवं असतं, हे मला पंधरा वर्षं गॅरेज चालवूनही कळलं नाही. आवाज हवा असतो, एवढंच कळलं. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात आमचं गॅरेज होतं. चार दुकानं सोडून एक जण पत्रा वळवून, वेल्डिंग मारून, वर निकेल चढवून असले पाइप बनवायचा. ‘इम्पोर्टेड माल है साईं’ असं तो गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगायचा, आणि मागच्या बाजूला त्याचाच कारागीर पुढचा पाइप ठोकत बसलेला असायचा. गिऱ्हाईक तो लावून सरळ माझ्याकडे. ‘बॉस, पिकअप गेला, जरा कार्बोरेटर बघ.’ माझं डोकं तिथंच फिरायचं.

गोष्ट साधी आहे. टू-स्ट्रोक गाडीचा पाइप मोकळा केला की इंजिन जास्त हवा ओढतं, आणि त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल त्याला द्यावं लागतं. ते येतं कार्बोरेटरमधल्या जेटमधून. जेट म्हणजे पितळेचा इवलासा स्क्रू, मधून आरपार भोक. पाइप बदलला तर मोठ्या भोकाचा जेट टाकायचा. नाही टाकला तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन फुगून चिकटतो आणि पळत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं. म्हणून मी जेट बदलायचो, गाडी बदलापूर रोडला घेऊन जायचो, फुल पळवायचो, पळता पळताच इंजिन बंद करायचो आणि प्लग खोलून बघायचो. चहाच्या रंगाचा निघाला तर बरोबर. पांढरा फटक निघाला तर पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून घामाघूम होऊन परत यावं, तर गिऱ्हाईक काय विचारणार? ‘अ‍ॅव्हरेज किती देईल?’

अरे, कानाचे पडदे फाडणारा पाइप तूच लावलास ना? मग पेट्रोल काय पंपवाला फुकट ओतणार? पण नाही. आवाजही हवा आणि अ‍ॅव्हरेजही हवं. अशा लोकांसाठी आमच्याकडच्या काही मेकॅनिकांनी एक नुस्खा काढला होता. वायरीतला तांब्याचा केसाएवढा एक धागा घ्यायचा, जेटच्या भोकात ओवायचा, दोन्ही टोकं मुडपायची. भोक बारीक, पेट्रोल कमी, अ‍ॅव्हरेज वाढलं, गिऱ्हाईक खूश. इंजिन मेलं तर दुसऱ्या मेकॅनिकच्या दारात मरेल. मला या कामाची शिसारी यायची, आणि मी ते कधी केलं नाही. याची मला घमेंड होती, हेही सांगून टाकतो.

जेट धुवायचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं. घर गॅरेजच्या मागेच. दुपारी ती पेट्रोलच्या वाटीत जेट बुडवायची, फुंकर मारायची आणि एक डोळा मिटून उजेडात धरायची. आरपार दिसलं की म्हणायची, ‘दादा, साफ.’ तिची नजर माझ्यापेक्षा बारीक होती.

तिचं लग्न बदलापूरजवळच्या खरवईत ठरलं. जमीन बिल्डरला देऊन नुकतेच मोकळे झालेले लोक. तिचे सासरे बैठकीत म्हणाले, ‘हुंडा आमी घेत नाय. पोराला येक गारी द्या, बस.’ म्हणजे हुंडा नाही, फक्त मोटारसायकल. सगळे कसे कौतुकानं माना डोलावत होते. मी नवीकोरी गाडी आणली. लग्नाच्या चार दिवस आधी जावई त्याच दुकानातला पाइप बगलेत मारून हजर.

‘मेव्हणे, वरातीला आवाज पायजे.’

काय बोलणार? लावला. मुंबईहून जेट शोधून आणला, तीन वेळा रोडला जाऊन आलो, चहाचा रंग येईपर्यंत सोडलं नाही. बहिणीच्या संसाराची गाडी, तिच्यात खोट राहून चालणार नव्हती.

वरातीत त्यांच्या वीसेक पोरांनी मांडवाच्या तोंडाशी गाड्या उभ्या केल्या आणि ती जागेवरच रेस करत राहिली. म्हातारी माणसं कानात बोटं घालून बसली होती. तान्ही मुलं किंचाळत होती. निळा धूर जेवणाच्या पानांवर उतरला होता, आणि जिलेबीला ऑइलचा वास येत होता. जावई हसत होते.

आठ महिन्यांनी ते आमच्या दारात आले. पुढे टेम्पो, टेम्पोत गाडी, मागून रिक्षात सासरे, जावई आणि पिशवी घेतलेली माझी बहीण. अंबरनाथच्या उतारावर चाक जाम होऊन जावई पडले होते. कोपर सोललं होतं, बाकी धडधाकट.

‘जुनी गारी पॉलिश मारून दिलीव तुमी,’ सासरे रस्त्यावरूनच सुरू झाले. शेजारपाजारचे बाहेर आले. ‘ही र्‍हाल आता हितंच. गारी नीट झाली का दोगींना घेऊन जाव.’

दोघींना. माझ्या बहिणीला आणि गाडीला. आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

मी तिथंच बसून कार्बोरेटर खोलला. जेट माझाच होता, आणि त्याच्या भोकात तांब्याची तार. टोकं नीट मुडपलेली. बदलापुरात कुणाकडून तरी घालून घेतली होती, अ‍ॅव्हरेजसाठी. मी मान वर केली तर जावई दुसरीकडे बघत होते. त्यांना माहीत होतं.

मला तेव्हा हात वर करून सगळ्या गल्लीला ती तार दाखवायची होती. पण मग जावयाचं नाक चारचौघांत कापलं जाणार, आणि त्याचा सूड माझ्या बहिणीवर निघणार. तिला परत नेतील की नाही, तेही सांगता येत नव्हतं. आई माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती, नको, नको. मी मूठ मिटली.

‘चूक माझी,’ मी म्हणालो. ‘जेट मीच बारीक टाकला.’

सासरे विजयी चेहऱ्याने चहा प्यायले. बहीण माझ्या मुठीकडे बघत होती. मला वाटलं, सुटली बिचारी. आठवड्याने नवा ब्लॉक-पिस्टन घातलेली गाडी घेऊन जावई गेले, मागच्या सीटवर ती.

पुढे त्या घरात भात लागला तरी ऐकवायचे, ‘तुज्या भावानं त कबूल केलान, तुमी लोक तसंच.’ मिक्सर बिघडला, तिचा हात. म्हैस आटली, तिचा पायगुण. मी केलेली कबुली त्यांनी चार वर्षं वापरली. हे मला फार उशिरा कळलं. चार वर्षांनी लेकीला कडेवर घेऊन ती एकटीच आली, आणि परत जायचं नाही म्हणाली.

आल्यावर आठवडाभरात ती दुपारची गॅरेजात येऊन बसली. पेट्रोलची वाटी ओढून घेतली आणि जेट धुवायला लागली.

‘त्या दिवशी मुठीत तार होती ना?’ तिने विचारलं.

‘तुला कसं कळलं?’

‘जेट काढला की तू उजेडात धरतोस, दादा. मुठीत धरलेला मी तेवढा एकदाच बघितला.’

मी पान्याशी चाळा करत राहिलो. ‘तुझ्यासाठीच गप्प बसलो गं,’ मी म्हणालो. ते शब्द तोंडातून बाहेर पडतानाच मला स्वतःची किळस आली. लोकांच्या गाडीत तार घालत नाही म्हणून नाक वर करून फिरणारा मी, आणि माझ्याच बहिणीच्या वेळी ती मुठीत दाबून बसलो होतो.

‘मी पिशवी खाली ठेवली होती तेव्हा,’ ती म्हणाली. ‘ठरवून टाकलं होतं. तू मूठ उघडलीस की त्यांना सांगायचं, गाडी घेऊन जा, मी थांबते. तू चूक माझी म्हणालास. मग मी कुठल्या तोंडाने थांबणार होते?’

एवढं बोलून तिने हातातल्या जेटमध्ये फुंकर मारली, एक डोळा मिटून तो दाराकडच्या उजेडात धरला, आणि माझ्यापुढे केला.

‘बघ,’ म्हणाली, ‘तूच बघून सांग.’