बसतं, पण गुण येत नाही

गावाला गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या घरी मात्र गुण येत नाही, या कथेची तीन रूपे माझ्या संग्रही आहेत. दर्यापुरात ती विंचू उतरवणाऱ्याची म्हणून सांगतात, कौंडण्यपूरच्या यात्रेत हाड बसवणाऱ्याची. तिसरे रूप अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजातले. तिथे ते सुट्या किश्श्यांनी साचत गेले. त्यातला माणूस माझा मित्र, वानखडे सर.

औषध पेशीवर किती परिणाम करील, याचे गणित ते आलेखावर रेघ काढून मांडत. त्यांच्या पत्नीचा, शोभावहिनींचा, कर्करोग हाडांत उतरला, तेव्हापासून त्या गणिताला एकच प्रश्न उरला: वहिनींचे दुखणे थांबेल का?

*

सर वर्गात सांगत, पेशीवर औषधासाठी खुर्च्या असतात. औषध किती घट्ट बसते हा एक आकडा. बसून काम किती करते हा दुसरा. दुसऱ्याचे नाव त्यांनी ठेवले होते ‘गुण’.

चांदूर रेल्वेच्या एका मुलीने विचारले, “सर, घट्ट बसलं अन् कामच नाई केलं तं?”

“तो रोधक. स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही.”

“मंग तो आमच्या तहसीलातला बाबूच हाय जी.”

पुढल्या वर्षापासून सर फळ्यावर ‘रोधक’ऐवजी ‘बाबू’ लिहू लागले.

*

परीक्षेत प्रश्न होता: ‘दिलेल्या आलेखावरून गुण काढा.’ एकाने लिहिले, ‘गुण देणे आपल्याच हाती आहे, सर.’

सरांनी शून्य दिले आणि बाजूला शेरा लिहिला: ‘गुण आला नाही.’

*

वहिनींना अकोल्याच्या दवाखान्यात ठेवले. आरंभी वेदनेवरचे औषध लागू पडले. “तुमच्या रेघेले मानलं जी,” असे त्या सरांना म्हणाल्याचे मला आठवते.

मग तेवढ्याच आरामाला अधिक डोस लागू लागला. स्टाफरूममध्ये सरांनी मला नवी रेघ दाखवली. ती वर चढत होती, पण पूर्वीच्या उंचीला पोहोचण्याआधीच आडवी होत होती.

“खुर्च्याच कमी झाल्या,” ते म्हणाले. “आता डोस वाढवला, तर गुंगी वाढेल. आराम नाही.”

“दुसरं औषध?”

“तेही याच खुर्च्या शोधणार.”

“गणित चुकलं असेल.”

“तेच तपासून राहिलो. चुकत नाही.”

*

वहिनींचे भाऊ भेटायला आले. पलंगाजवळ एकच खुर्ची, तीत सर. त्यांना उठायचे सुचलेच नाही, भाऊ उभेच.

वहिनी म्हणाल्या, “पाहा भाऊ, यायच्या कॉलेजातला बाबू. स्वतः काई करत नाई, अन् दुसऱ्याले बसू बी देत नाई.”

सगळे हसले. सरही हसले आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

*

शेवटचा किस्सा कॉलेजात कोणी सांगत नाही. तेव्हा मी खोलीत होतो.

वहिनींनी विचारले, “खरं सांगा जी. गुण येईन का आता?”

सर कधी रेघ काढल्याशिवाय उत्तर देत नसत. ते म्हणाले, “नाई.”

मग उठू लागले. “डॉक्टरले विचारून येतो.”

“काहून उठून राहिले? बसा.”

नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि खुर्ची जरा बाजूला घ्या म्हणाली.

“राहू द्या त्यायले,” वहिनी म्हणाल्या.

नर्सने पलंगाला वळसा घातला आणि पलीकडच्या दंडात सुई दिली. सर बसून राहिले.