दादा आणि बेडूक

माझा थोरला भाऊ माझ्याशी तीन वर्षं बोलत नव्हता, आणि चूक माझीच होती. एका दिवाळी अंकात मी लिहिलं, की आमचा दादा फुरशासारखा विषारी साप काठीने मारतो, पण बेडूक दिसला की बाकावर चढतो. लिहिताना मला फार हसू आलं होतं. शेजारच्या कट्टा गावच्या बाजारालाही आलं. दादा एसटीतून उतरला की चहाच्या दुकानातून कुणीतरी 'डराँव' करायचं. लग्नपत्रिकेपलीकडे ज्यांनी काही वाचलं नव्हतं, त्यांनाही तो लेख तोंडपाठ! लेखकाला कीर्ती हवी असते. माझी सगळी दादाच्या वाट्याला गेली.

आमची घरं एकाच खळ्याला, म्हणजे अंगणाला, लागून. दादाला मला काही सांगायचं असलं की तो कुत्र्याला सांगे, "ह्येका सांग, पंप बंद कर." कुत्रा माझ्याकडे बघे, मी पंप बंद करी. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. आई-वडील गेल्यावर मला ओरडणारा तो एकच माणूस उरला होता, आणि तोच गप्प झाला होता.

मग तो लेख असलेल्या माझ्या पुस्तकाला कुडाळात पुरस्कार मिळाला. शाल वहिनीने सोफ्यावर घातली आणि नारळ देवाला द्यायचा म्हणून बजावलं. देवळात नारळ ठेवायचा म्हणजे गाऱ्हाणं आलंच. गावचे एक म्हातारे काका देवापुढे मागणी घालतात आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी होकार भरायचा. लहानपणापासूनची सवय, मागणी कानात शिरण्याआधी होकार तोंडातून निघतो. दादाही आला होता. नारळ माझा असला तरी देव गावाचा होता.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान तुझो नारळ ठेवल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दुसऱ्याच्या घरात डोकावन लिवची तेची खोड जाऊ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात दादाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. माझाही होताच, सवयीने.

"ह्ये दोन भाव एकामेकाचा तोंड बघनत नाय. आज एका ताटात जेवतले, तेंका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दादाने म्हटलं, मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघांनी एकदमच काकांकडे बघितलं. काका डोळे मिटून पुढे पावसापाण्याचं मागत होते.

देवापुढे दिलेला शब्द. वहिनीने थेट परातच मांडली. भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं. साठीच्या आसपासचे दोन पुरुष एका परातीत, हात हाताला लागू नये म्हणून जपत जेवत होतो. शेवटी मीच म्हणालो, "दादा, चुकलंय मी. पण तू तो लेख शेवटपर्यंत वाचलंस ना?"

"मी खंय वाचलंय? माका लोकांनी सांगला."

तीन वर्षं हा माणूस न वाचलेल्या लेखासाठी रुसला होता! हात धुऊन मी पुस्तक आणलं. दादाने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागला. बेडकांपाशी कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी लिहिलं होतं, की लहानपणी मी तापाने फणफणलो होतो तेव्हा बेडकांनी भरलेल्या व्हाळातून, ओढ्याच्या कमरेइतक्या पाण्यातून, हाच दादा मला पाठीवर घेऊन कट्ट्याच्या डॉक्टरकडे गेला होता. डोळे घट्ट मिटून.

त्याने पुस्तक मिटलं. मग चष्मा पुसत माझ्यावर ओरडला, "पाणी कमरेइतक्या नाय, छातीइतक्या होता! लिवचा तर नीट लिव!"

खरं सांगायचं तर पाणी गुडघ्याइतकंच होतं; कमरेइतकं मीच केलं होतं. नव्या आवृत्तीत ते छातीइतकं आहे.