भांडून रक्त काढणारा माणूस

कोपराच्या आतल्या बाजूला शीर असलेल्या रायपुरातल्या प्रत्येक माणसाला आमचे घरमालक ओळखत होते, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. हात राहत. संध्याकाळी तळ्याच्या काठानं फिरायला निघालो की समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता ते त्याच्या बाहीकडे पाहत आणि तो पुढे गेल्यावर मला सांगत, "हा गुढियारीचा. मालधक्क्यावर आहे. उजव्या हातात काही नाही भाऊ, पण डाव्या हातात शीर नाही, दोरखंड आहे, दोरखंड!" त्या माणसाचं नाव काय, असं विचारलं तर ते वैतागत. नाव कागदावर असतं, ते पाठ करायचं काय काम? एका लग्नात वधूच्या काकांनी मोठ्या अभिमानानं नवरदेवाची ओळख करून दिली, शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली. आमच्या मालकांनी हस्तांदोलनाला पुढे आलेला हात उलटा करून नीट पाहिला आणि म्हणाले, "पोट्ट्याच्या शिरा चांगल्या आहेत. होऊ द्या." लग्न व्यवस्थित झालं.

ते मूळचे गोंदियाकडचे. सारा जन्म सरकारी दवाखान्यात परिचारक म्हणून गेला, म्हणजे ज्या कामाला बाई असेल तर सिस्टर म्हणतात आणि पुरुष असेल तर काय म्हणावं ते लोकांना पटकन सुचत नाही, ते काम. दवाखान्यात त्यांना ब्रदर म्हणत. बूढापाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात (रायपुरात मोहल्ल्याला पारा म्हणतात), अर्ध्या लोकांना वाटे की हे कोणी पाद्री आहेत आणि उरलेले अर्धे त्यांना कंपाउंडर म्हणत. पहिल्या गैरसमजाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. दुसरा मात्र त्यांनी कधी खपवून घेतला नाही. "कंपाउंडर पुड्या बांधते," ते कडाडत. "म्या माणसं बांधून ठेवली आहे, जाग्यावर! समजलं का?" भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत ज्यानं ज्यानं हा शब्द उच्चारला, त्याला हे पूर्ण ऐकून घ्यावं लागलं. मध्येच निघून जाणाऱ्याच्या मागे ते कोपऱ्यापर्यंत चालत जात.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा आमच्या कंपनीनं तिथं घाईघाईनं कार्यालय उघडलं आणि मला नागपूरहून पाठवलं. त्या दिवसांत शहराला पाट्यांचा ताप चढला होता. काल ज्या घरावर आडनावही नव्हतं, तिथं आज पितळी अक्षरांत पदनाम झळकत होतं. संचालक, उपसंचालक, प्रभारी उपसंचालक. एका गृहस्थांनी 'प्रस्तावित' असंही लिहून घेतलं होतं. आमच्या मालकांनी हे थोडे दिवस पाहिलं आणि मग दारावर स्वतःची पाटी लावली: 'सेवानिवृत्त वरिष्ठ ब्रदर'. खाली बारीक अक्षरांत 'कंपाउंडर नाही'. मी जागा पाहायला गेलो तो ती पाटी वाचूनच. त्यांनी माझं मनगट धरलं, डोळे घड्याळावर ठेवले, काही वेळानं हात सोडला आणि बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले, "देऊन टाक खोली. शांत माणूस आहे."

त्यांच्या घरात राहायचं म्हणजे आपलं नाव विसरायची सोय नव्हती. दवाखान्यात त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं की रुग्णाला 'तुम्ही अमुक ना?' असं विचारायचं नाही. झोपेत, तापात, भीतीत माणूस कशालाही हो म्हणतो. त्यालाच त्याचं पूर्ण नाव सांगायला लावायचं आणि मगच औषध किंवा सुई. हा नियम त्यांनी निवृत्त होताना दवाखान्यात परत केला नाही, घरी घेऊन आले. गणपतीचा प्रसाद वाटताना लहान मुलांच्या रांगेला ते विचारत, "पूर्ण नाव?" मुलं बापाच्या नावासकट सांगत आणि मग पेढा मिळे. सकाळचा चहा ते स्वतः करत. कप काकूंच्या पुढे धरून विचारत, "पूर्ण नाव?" आणि काकू, लग्नाला इतकी वर्षं झालेल्या काकू, पदरानं घाम पुसत स्वतःचं, नवऱ्याचं आणि सासरचं नाव सांगून कप घेत. मी एकदा त्यांना म्हटलं की काकू, तुम्ही हे चालवून कसं घेता? त्या म्हणाल्या, "अवो, माह्यं नाव रोज कोन इचारते दुसरं? आमच्या घरी तर सून बी 'मम्मीजी' म्हणते."

श्वास मोजायचं त्यांचं वेड याहून चोरटं होतं. माणसाला कळलं की आपला श्वास मोजला जातोय, की तो मोजण्यालायक श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी पाहतोय असं भासवून छातीकडे पाहायचं असतं. हे त्यांचं खास कौशल्य. दूरदर्शनवर कोणी पुढारी बोलायला उभा राहिला की ते सोफ्याच्या हातालाच मनगट समजून धरत आणि पडद्याकडे एकटक पाहत. भाषण संपल्यावर निकाल देत, "जिना चढून आला, नाहीतर खोटं बोलून राहिला." निकाल नेहमीच बरोबर येई असं नाही. समोरच्या घरातल्या नव्या अवर सचिवांना दमा आहे, असं त्यांनी पाराभर जाहीर करून टाकलं होतं. सचिवांच्या पत्नी गरम पाण्याच्या वाफेची तयारी करेपर्यंत उलगडा झाला की साहेब गॅसचं सिलिंडर स्वतः वर चढवत होते आणि ते कोणाला दिसू नये म्हणून धावत चढवत होते. आमच्या मालकांनी चूक कबूल केली नाही. "आज नाई तर उद्या होईल," एवढंच म्हणाले.

पण त्यांची खरी ख्याती भांडणाची. कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीवाल्यासाठी ते घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेत आणि ज्याचं रक्त घ्यायचं त्याच्याशी भांडत. चुकून नव्हे, पद्धतशीर. रागावलेल्या माणसाला सुई समजत नाही, असा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत होता. आधी हात कोमट पाण्यात ठेवायला लावत, मग खाली लोंबता ठेवायला सांगत, रबर बांधत, बोटानं शीर चाचपत (डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता), आणि बोट थांबलं की तोंड उघडत. माझे सासरे आमच्याकडे आले होते. संस्कृतचे निवृत्त शिक्षक, मृदू माणूस, सुईला मात्र लहान मुलासारखे भीत. मालकांनी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सहज विचारलं, "गुरुजी, तुमच्या शाळेचा निकाल म्हणे दरवर्षी पडत होता?" सासरे ताडकन ताठ झाले. कोणी सांगितलं, कोणत्या साली, कोणत्या विषयात, असं त्यांनी सुरू केलं, आणि ते आवेशात येईपर्यंत नळी भरून, बोळा दाबून, नळीवर नाव लिहून झालं होतं. सासऱ्यांना सुई कळली नाही. पण निकालाचा विषय त्यांनी परत जाईपर्यंत सोडला नाही. स्टेशनवर गाडी हलल्यावरही ते खिडकीतून उत्तीर्णांची टक्केवारी ओरडून सांगत होते.

दुखण्याचं मोजमापही ते भांडणावरच करत. नव्या दवाखान्यांत एक ते दहामध्ये दुखणं किती, असं विचारतात, त्याची त्यांना भारी चीड. "दुखनं काय बटाटे आहे, तोलून द्यायले? साहेब लोक आठाच्या खाली सांगत नाही आन् हमाल चाराच्या वर जात नाही. काय समजते त्याच्यातून? त्यापेक्षा भांडन लावून पाहा. भांडला, तर पाच मिनिटं थांबता येते. नाई भांडला, तर डॉक्टरले बोलवा. पळत जा." हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी मान हलवायचंही सोडून दिलं होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या पाऱ्यात आरोग्य शिबिर ठरलं. मंडप, कमान, तीन प्रकारचे हार. नव्या राज्याचे एक नवे पुढारी उद्घाटन करणार आणि सर्वांसमोर स्वतःचं रक्त तपासायला देणार होते. ते काढायचा मान आमच्या मालकांना. आठवडाभर ते पुढाऱ्यांशी कशावरून भांडायचं याचा विचार करत होते. रस्त्यांवरून, की पाण्यावरून, की थेट तिकीट कसं मिळालं यावरून? पांढरा गणवेश कांजी घालून इस्त्री केला होता, कॅनव्हासच्या बुटांना खडू लावला होता.

शिबिराच्या दिवशी, रविवारी सकाळी, मी खाली आलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. एक बूट पायात, एक हातात. थंडी चांगली होती आणि त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. "काय झालं काका?" म्हटलं तर म्हणाले, "गॅस. कालचे भजे." मंडपातून 'हॅलो, माइक टेस्टिंग' ऐकू येत होतं. एवढ्यात काकू कप घेऊन बाहेर आल्या. चहा प्यालेल्या नव्हत्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, आज मले नाव नाई इचारलं. तसाच देऊन देला कप."

मला काय करायचं ते ठाऊक होतं, आणि करायचा धीर होत नव्हता. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "काय कंपाउंडरसाहेब, आज मोठं गिऱ्हाईक आहे म्हणे?"

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं की माझ्या मागच्या भिंतीकडे, कळलं नाही. म्हणाले, "हव."

छत्तीसगढी माणूस दिवसातून शंभरदा म्हणतो तो साधा होकार. इतक्या लहान शब्दाची मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. मी पळत गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि रिक्षा घेऊन आलो. मंडपापाशी कार्यकर्ते आडवे आले, रस्ता पाहुण्यांसाठी बंद आहे म्हणाले. तेव्हा काकूंनी रिक्षातून तोंड बाहेर काढून त्यांच्याशी जे भांडण केलं ते इथं लिहिता येणार नाही, पण कमानीखालून आम्ही गेलो. वाटभर काकूंनी मालकांचं मनगट धरून ठेवलं होतं. नाडी मोजता त्यांना येत नव्हती. नुसतं धरलं होतं.

दवाखान्यात एक तरुण सिस्टर पुढे आली. नव्यानंच लागलेली असावी. टोपी पुनःपुन्हा सरळ करत होती. "बाबा, एक से दस में दर्द कितना है?"

"दो," मालक म्हणाले.

"बेटी," काकू म्हणाल्या, "इनके दो में आठ मेरे मिला के लिख. और जल्दी कर."

तिनं जल्दी केली. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी निघाली, डॉक्टर धावत आले, आणि त्या पट्टीत भज्यांचा काही दोष दिसला नाही. हृदयाचा झटका होता. वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले आणि आत गेले. आम्ही बाकावर बसलो. काकू मला म्हणाल्या, "तुमी त्याईले तसं म्हटलं ना, मी आतून ऐकून राहिली होती. वाटलं, आता उठतील अन् तुमच्या अंगावर येतील. देवा, उठू दे, म्हटलं."

शिबिराचं उद्घाटन व्यवस्थित पार पडलं. पाहुण्यांचं रक्त काढायला कोणी नव्हतं, पण काढतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला.

धोका टळल्याचं सांगितलं तरी मालक गप्पच होते. तीच सिस्टर येई, 'आप ही हैं ना?' म्हणून चुकीच्या पद्धतीनं खात्री करून घेई, गोळी देई, आणि ते निमूट गिळत. काकूंना याचीच काळजी होती. मग एका सकाळी मी खाटेजवळ बसलो असताना सिस्टर ट्रे घेऊन आली. हात घेतला, रबर बांधलं, बोटानं चाचपलं, आणि गोड आवाजात म्हणाली, "बाबा, आप ही वो कंपाउंडर हैं ना, बूढापारा वाले?"

खाट हलली. "कोन कंपाउंडर? किसने बोला? कंपाउंडर पुडिया बांधता है! मैंने आदमी बांध के रखे हैं, जगह पर! समझी? इधर देख, उधर क्या देखती है, नाव पूछना आता नहीं और..."

"हो गया, बाबा," ती म्हणाली आणि बोळा दाबला.

मालक थांबले. बोळ्याकडे पाहिलं, भरलेल्या नळीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. काकू पदराचं टोक तोंडात धरून हसत होत्या की रडत होत्या, सांगता येणार नाही. तिला कोणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती.

"दुखा क्या, बाबा?"

"नाव नाई इचारलं," मालक पुटपुटले. मग माझ्याकडे वळून, ती ऐकणार नाही अशा बेतानं, "पण हात चांगला आहे पोट्टीचा."

त्यानंतर ते बरीच वर्षं भांडले. पुढाऱ्यांचं रक्त काढायचं राहिलं ही खंत मात्र अखेरपर्यंत होती. माझी बदली झाल्यावर आम्ही नागपूरला परतलो आणि ते गेल्याचं मला फोनवर कळलं. काकू अजून त्याच घरात आहेत. मी फोन केला की आधी "पूर्ण नाव?" विचारतात. मी सांगतो, वडिलांच्या नावासकट, आणि मग त्या बोलायला लागतात.

आता माझंही वय झालं. दर काही महिन्यांनी रक्त द्यायला जावं लागतं. जागा वातानुकूलित आहे, मुलगा फार सभ्य आहे, सर म्हणतो. "थोडंसं दुखेल हं सर," असं सांगून हलक्या हातानं सुई टोचतो. मी दुसरीकडे पाहतो. आता कोणीतरी माझ्या शाळेबद्दल, कंपनीबद्दल, निदान माझ्या नागपूरबद्दल काही वाईट बोलेल म्हणून वाट पाहतो. कोणी बोलत नाही, आणि दुखतं.