चौदा सह्यांची वही

पंचवटीतल्या एका हायस्कुलात सिंधुबाई शिपाई होती. नवरा तिथंच शिपाई होता. तो गेल्यावर, १९७४ साली, त्याच्या जागी हिला घेतलं. अक्षराची ओळख नाही, आणि काम मिळालं सूचनावही फिरवायचं! हेडमास्तरांनी वहीत सूचना लिहायची, सिंधुबाईनं ती चौदा शिक्षकांपुढं धरायची, त्यांनी सही ठोकायची. सही झाली की सूचना पोचली, असा तिथला हिशेब.

पण सिंधुबाईनं आपली सोय लावून घेतली होती. अक्षरं नाही तर नाही, तोंडं तर वाचता येत होती. वत्सलाबाई हसल्या की अर्धी सुट्टी. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या की पेपर लवकर तपासून द्यायचे. व्हरांड्यात पोरं विचारायची, "मावशी, सुट्टी का?" आणि मावशीचा अंदाज सहसा चुकत नसे.

१९७८ च्या एप्रिलमध्ये एक सूचना निघाली. वत्सलाबाईंनी वाचली, सही केली आणि उगाच खिडकीबाहेर पाहत राहिल्या. पुढच्या वर्गातही तेच. कुणी मान वर करून तिच्याकडे बघेना. ड्रॉइंगच्या सरांनी तर, "पाणी प्यालात का सिंधुबाई?" असं विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदाच! सिंधुबाईला विचारायचा धीर झाला नाही. गणिताचे आहेर सर रजेवर होते, तेवढी एक सही राहिली.

ते आले सातव्या दिवशी. आहेर सर फार खडूस, सूचना तारखेपासून वाचणार. वाचून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"सिंधुबाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?"

"काय सर?"

"बसा आधी."

शाळेतल्या बाकावर ती पहिल्यांदाच बसली. सरांनी हळू आवाजात वाचून दाखवलं. जूनपासून सिंधुबाईची बदली संस्थेच्या लांबच्या नामपूरच्या शाळेत. हरकत असेल तर आठ दिवसांत अर्ज करावा. म्हणजे उरला होता एकच दिवस.

"सर, घरी सासू हाय, भागीबाई. तिला दिसत नाय. मधल्या सुट्टीत पळत जाऊन मीच तिला जेवू घालते. नामपूरहून कशी येऊ?" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

सर तिला घेऊन तडक ऑफिसात गेले. हेडमास्तर म्हणाले, "मला वाटलं हेडक्लार्कनं सांगितलं असेल." हेडक्लार्क म्हणाले, "मला वाटलं हेडमास्तरांनीच सांगितलं." तेरा शिक्षकांपैकी प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्यानं सांगितलं असेल. वाईट कुणीच नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. बाईच्याच हातून तिची बदली वर्गावर्गात फिरवली!

आहेर सरांनी अर्ज लिहिला, सिंधुबाईनं अंगठा केला. शिक्षकांच्या पाठिंब्याच्या सह्यांसाठी तोच कागद घेऊन ती पुन्हा चौदा जणांकडं गेली. या वेळी प्रत्येकानं आधी तो पूर्ण वाचला. वत्सलाबाईंनी तिचा हात धरला. "चुकलं हो माझं," म्हणाल्या.

मे महिना सिंधुबाईनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. सासूला काही कळू दिलं नाही. भरवताना हात मात्र थोडा जास्त वेळ रेंगाळायचा.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी मान वर न करता वही पुढं सरकवली, "ही फिरवा." संस्थेचा निकाल आला होता. हेडमास्तरांना वाटलं हेडक्लार्कनं सांगितलं असेल. हेडक्लार्कांना काय वाटलं, ते वेगळं सांगायला नको.

सिंधुबाईनं वही वत्सलाबाईंपुढं धरली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. बाईंनी अजून पेनही उघडलं नव्हतं, पण वाचता वाचता त्या हसल्या. सिंधुबाईला कळलं.

वही तिथंच टाकून ती भागीबाईकडं पळत सुटली. त्या दिवशी उरलेल्या तेरा जणांकडं वही वत्सलाबाईंनी फिरवली.