अण्णांच्या मेडिकलातली तंबाखूबंदी

मेडिकलच्या काउंटरमागे माझी सोळा वर्षं गेली. औषधांची नावं आता आठवत नाहीत, गिऱ्हाइकं मात्र एकेक आठवतात. चार मित्र जमले की फर्माईश ठरलेली, "ते तंबाखूबंदीचं सांग रे!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पोलादपूरच्या स्टँडसमोरच्या आमच्या मेडिकलमध्ये खोकल्याच्या औषधाशेजारीच सिगारेटची पाकिटं आणि मशेरीच्या डब्या असायच्या. मालक अण्णा तंबाखू चघळत चघळत लोकांना तब्येतीचे सल्ले द्यायचे! मग त्यांच्याच गालात आतून पांढरा डाग उठला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "आत्ता तंबाखू सोडलात तर वाचाल." घरी येताच अण्णांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, दुकानातला सगळा तंबाखू उचलला आणि मागच्या चुलीत घातला. अर्धा तास अख्खी आळी शिंकत होती.

दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला, 'येथे तंबाखू, सिगारेट, मशेरी मिळणार नाही.'

*

बोर्ड लागला आणि शेजारचे पानवाले सलीमभाई पेढे घेऊन हजर! म्हणाले, "अण्णा, काम झ्याक केलंत. फक्त बोर्ड जरा मोठा करा. रंगाचा खर्च माझा."

"कशाला?"

"खाली एक बाण काढू या. माझ्या टपरीकडे!"

*

महाबळेश्वरच्या गाडीचा ड्रायव्हर रोज आमच्याकडून एक सिगारेट घ्यायचा. स्टँडवर उभ्यानेच ओढायची आणि मगच आंबेनळी घाट चढायचा, असा त्याचा नेम. बंदीनंतर एके दिवशी सलीमभाईंची टपरी बंद होती आणि मीही नाही म्हटलं. तो जाऊन मुकाट्याने बाकावर बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी सगळे पॅसेंजर उतरून आमच्या काउंटरवर आले.

त्यातल्या एका गुरुजींनी हात जोडले. "बंदी चांगलीच आहे हो, आमचा पाठिंबा आहे. पण वळणं संपल्यावर सुरू करा ना!"

*

वरच्या वाडीवरची सोनाआजी बाजारच्या दिवशी तूप विकायला खाली यायची आणि मशेरीची डबी घेऊन जायची. बंदीचं ऐकून भडकलीच.

"दाताचं औषध हाय रे ते! मेडिकलात नाय तर काय कापडाच्या दुकानात मिळायचं?"

मी म्हटलं, "आजी, आता चिठ्ठीशिवाय काही नाही." टाळायला म्हटलं, पण ती तडक दवाखान्यात गेली आणि तासाभराने ऐटीत परत आली.

"हे घे. डॉक्टरानं लिवून दिलंय."

मी चिठ्ठी वाचली. वर नाव, खाली सही, मधे एकच ओळ, 'मशेरी ताबडतोब बंद करा.' मी ती मोठ्याने वाचून दाखवली.

आजी म्हणाली, "त्याचं वय काय नि माझ्या मशेरीचं वय काय!" पण चिठ्ठी नीट घडी करून बटव्यात ठेवली.

*

इकडे अण्णांचा एकविसावा दिवस उजाडला. वहिनींनी मला पहाऱ्यावर ठेवलं होतं. खरं सांगतो, मला त्यांची दया यायची. पेशंटला क्रोसिन देताना माणूस आशेने गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघायचा!

दुपारी ते "आलोच" म्हणून सटकले. मी मागोमाग गेलो. सलीमभाई म्हणाले, "अण्णा, मुंबईचा डॉक्टर काय बोलला, ठाऊक हाय मला. नाय देणार." ड्रायव्हरकडे गेले, तर त्याने भरलेला खिसा हाताने दाबून धरला आणि म्हणाला, "संपली." तीन आठवडे बंदीला शिव्या घालणारं गाव, पण अण्णांना चिमूटभर द्यायला एकही हात पुढे येईना.

शेवटी बाजारात सोनाआजी दिसली, गालात मशेरीचं बोट घालून बसलेली. अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज अगदी लहान केला.

"आजी, थोडी द्या. कुणाला सांगणार नाय."

आजीने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. बोट लुगड्याला पुसलं, कनवटीचा बटवा काढला. अण्णांनी तळहात पुढे केला. आजीने त्यावर घडी घातलेला कागद ठेवला.

"हे घे. डॉक्टरानं लिवून दिलंय."